‘ओह नो, जॉर्ज!’ : शहाण्यासारखे वागू पाहणाऱ्या कुत्र्याची गोष्ट

खोडकर कुत्र्यांवरची चित्रपुस्तके इंग्रजीत भरपूर आहेत, पण त्यांतली बरीचशी एकाच साच्याची असतात. कुत्रा घराची नासधूस करतो, मोठी माणसे रागावतात, आणि शेवटी त्याच्या हातून एखादे चांगले काम घडवून आणून त्याला माफी दिली जाते. क्रिस हॉटन यांचे ‘ओह नो, जॉर्ज!’ हे पुस्तक या साच्यात बसत नाही. मूळचे डब्लिनचे असलेल्या हॉटन यांचे हे चित्रपुस्तक २०१२ मध्ये लंडनच्या वॉकर बुक्सने प्रकाशित केले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी ते मला विशेष मोलाचे वाटते, कारण ‘मोह म्हणजे काय’ ही गोष्ट इतक्या लहान वयाच्या वाचकाला इतक्या थोड्या शब्दांत आणि इतके हसवत सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

कथा अगदी छोटी आहे. जॉर्जचा मालक हॅरिस बाहेर निघालेला आहे आणि निघताना तो, आपल्याकडची आई विचारते तसेच, ‘शहाण्यासारखा वागशील ना?’ असे जॉर्जला विचारतो. जॉर्ज मनापासून हो म्हणतो. हॅरिसची पाठ वळताच मात्र तो मनाशी म्हणतो की, आपल्याला तसे वागायला जमले म्हणजे मिळवली. हे एक वाक्य पुस्तकाचा कणा आहे. जॉर्ज लबाड नाही, खोटारडा नाही आणि द्वाडही नाही. त्याचा शब्द खरा आहे, फक्त तो पाळण्याची ताकद आपल्यात आहे की नाही याची त्यालाच खात्री नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाची स्थिती नेमकी हीच असते. ‘हात लावू नकोस’ हे त्याला समजलेले असते, मान्यही असते, आणि तरीही हात पुढे जातोच.

मग स्वयंपाकघरात केक दिसतो, पुढे मांजर दिसते आणि त्यानंतर फुलझाडाच्या कुंडीतली माती दिसते. प्रत्येक वेळी जॉर्जला दिलेला शब्द आठवतो, त्याच वेळी ती गोष्ट आपल्याला किती आवडते हेही आठवते, आणि ‘आता जॉर्ज काय करेल?’ असे विचारून लेखक थांबतो. उत्तर पान उलटल्यावरच मिळते. चित्रपुस्तकात पान उलटण्याच्या क्षणाला फार महत्त्व असते हे जाणकार सांगतात, पण हॉटन यांनी तो क्षण जवळजवळ संपूर्णपणे मुलाच्या हाती सोपवला आहे. माझी लहान भाची हे पुस्तक ऐकताना सुरुवातीला केकच्या पानावर तळहात दाबून धरत असे, म्हणजे पान उलटायला नको आणि केक वाचावा. गोष्ट पाठ झाल्यावर ती दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळाली. आता ती जॉर्जच्या कानाशी लागून ‘खा, खा’ म्हणते आणि पान स्वतःच ओढते. एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवायला लावण्याची ही किमया उपदेशाच्या कोणत्याही गोष्टीला साधत नाही.

चित्रांविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण विनोदाचा निम्म्याहून अधिक भार त्यांनीच पेलला आहे. लाल, नारिंगी, गुलाबी आणि जांभळा अशा भडक रंगांचे मोठे सपाट आकार, कागद कापून चिकटवल्यासारखे दिसणारे, आणि त्यांत जॉर्जचे लांबलचक नाक व पांढरेशुभ्र गोल डोळे. त्या डोळ्यांत केवळ एक छोटे काळे बुबुळ आहे. हॉटन ते थोडेसे सरकवतात, आणि जॉर्जचा चेहरा प्रामाणिकपणाकडून मोहाकडे आणि मोहाकडून अपराधीपणाकडे जातो. केककडे पाहताना जॉर्ज जागचा हलत नाही, पण त्याची नजर हललेली असते, आणि अक्षरओळख नसलेले मूलही ती नजर अचूक वाचते. चित्रात बारीकसारीक तपशिलांची गर्दी नसल्यामुळे वर्गात मागच्या ओळीत बसलेल्या मुलालाही विनोद दिसतो. बालवाडीच्या शिक्षिकांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

हॅरिस परत येतो तो प्रसंग मला सर्वांत आवडतो. जॉर्ज सबबी सांगत नाही. चांगले वागेन असे म्हटले होते, तशी आशाही होती, पण जमले नाही, अशी सरळ कबुली तो देतो आणि आपले सर्वांत आवडते खेळणे हॅरिसपुढे ठेवतो. हॅरिस ते स्वीकारतो आणि दोघे फिरायला जातात. इसापनीतीपासून आपल्याकडच्या गोष्टींना शेवटी ‘तात्पर्य’ जोडण्याची सवय आहे. येथे ते नाही, आणि त्यामुळे काही अडतही नाही. फिरायला गेल्यावर केक, माती आणि मांजर पुन्हा समोर येतात. या वेळी जॉर्ज तिन्हींच्या मोहातून निभावतो. त्याला शाबासकी द्यावी असे वाटते न वाटते तोच वास सुटलेली एक कचरापेटी आडवी येते, आणि पुस्तक तेथेच, प्रश्न विचारून, थांबते. उत्तर मुलांनी द्यायचे असते, आणि ती ते हिरिरीने देतात.

उणिवाही आहेत. मांजराचा प्रसंग केक आणि मातीच्या तुलनेत उरकल्यासारखा वाटतो. त्यात घाबरलेल्या मांजराच्या वाट्याला फारसे काही येत नाही, आणि घरात मांजर असलेली मुले याबद्दल हटकून विचारतात. सहा-सात वर्षांच्या, स्वतः वाचू लागलेल्या मुलाला मजकूर अपुरा वाटेल, त्याच्यासाठी हे पुस्तक घेऊ नये. किंमतही मराठी चित्रपुस्तकांच्या मानाने बरीच जास्त पडते, तेव्हा जवळच्या बालवाचनालयात मिळाले तर आधी तेथून आणून पाहावे. इंग्रजीची अडचण मात्र मुळीच वाटू देऊ नये. प्रत्येक पानावर मोजकीच वाक्ये असल्याने चित्रावर बोट ठेवून ती सहज मराठीत सांगता येतात. विकतच घ्यायचे असेल आणि मूल दोनच्या आसपासचे असेल, तर जाड पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्ती निवडावी, कारण केकचे पान ओढाताणीत पहिल्या आठवड्यातच फाटण्याचा संभव आहे.