प्लेट भरलेली दिसली की समजा, बाजार पडलाय

लासलगावात कांदाभजी कुठं चांगली मिळते, असं मला पुष्कळ जण विचारतात. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे लोकांना वाटतं मास्तरला प्रत्येक स्टँडवरचं हॉटेल पाठ असणार. तसं काही नसतं. कंडक्टर डबा घेऊन फिरतो. पण हे एक ठिकाण मात्र मला पाठ आहे.

बाजार समितीच्या आवारापासून चालत पाच-सात मिनिटं. पत्र्याची शेड, चार बाकडी, दारात लिंबाचं झाड. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडून सांगितलंय, "मास्तर, काय लिहायचं ते लिहा, पण नाव टाकू नका. मोबाइलवाले येतात, फोटो काढतात, एक प्लेट चौघांत खातात." त्यांना सगळे आबा म्हणतात. कढईवर आबा, गल्ल्यावर आणि बेसनाच्या पातेल्यावर वहिनी. पोरगा पुण्याला कंपनीत आहे, तो या धंद्यात यायचा नाही.

आधी चवीचं सांगतो. इथं मिळते ती खेकडा भजी. कांदा उभा चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा, त्याला सुटलेलं पाणी पिईल तेवढंच बेसन. वरून पाण्याचा थेंब नाही. ओवा, मिरची, कोथिंबीर. सोडा घालत नाहीत, आणि घालत नाही हे सांगतही नाहीत. खाल्ल्यावर दोन तासांनी पोटाला कळतं. एप्रिल ते ऑगस्ट गेलात तर उन्हाळ कांद्याची भजी मिळेल. तो कांदा कोरडा असतो, पाणी कमी सोडतो, त्यामुळे बेसन बेताचं लागतं आणि पाकळी पाकळी कुरकुरीत होते. डिसेंबर-जानेवारीत लाल कांदा येतो, तो पाणीदार. तेव्हाची भजी जरा मऊ पडते. आबांना हे सांगितलं की म्हणतात, "कांद्याला जाऊन सांगा."

मिसळ मागवू नका. नाशिक जिल्ह्यात बसून इतकी साधी मिसळ करणं यालाही हिंमत लागते. रस्सा पाणचट, फरसाण मऊ. चहा चांगला, आलं ठेचून. पाणी माठातलं, पेला आपणच धुऊन घ्यावा. भजी अजूनही छापील कागदावर देतात, हे मला पटत नाही आणि मी तोंडावर सांगितलंय. आता माझ्यापुरती स्टीलची ताटली येते, बाकीच्यांना कागदच.

आता मुद्द्याचं. इथं भाव पाटीवर असतो, पण खरा भाव आबांच्या मुठीत असतो. ते वजन करत नाहीत. झाऱ्यातून निथळलेली भजी मुठीने प्लेटमध्ये टाकतात. पाटीवरचा आकडा दोन-अडीच वर्षांत एखाद्या वेळी बदलतो, मूठ मात्र दर महिन्याला बदलते. आणि इथली गंमत अशी की ती उलटी वाचावी लागते. मुंबईच्या माणसाला वाटेल, प्लेट भरलेली म्हणजे आनंद. लासलगावात प्लेट भरलेली म्हणजे कांदा मातीमोल झालाय आणि बाकडी रिकामी आहेत. प्लेटमध्ये मोजून सहा भजी आली आणि बसायला जागा नसली की समजावं, बाजार तेजीत आहे, ट्रॅक्टरवाल्यांच्या खिशात पैसा आहे.

भरलेली प्लेट मी पहिल्यांदा नीट पाहिली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. लाल कांद्याची आवक मोठी, भाव पडलेला. काही वक्कल, म्हणजे लिलावातले ढीग, किलोला दोन-चार रुपयांनी जात होते. महिनाअखेरीस शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. त्या दुपारी मी बसलो तर आबांनी प्लेट अशी रचली की वरची दोन भजी टेबलावर घरंगळली. समोर एक शेतकरी कट चहा घेऊन बसला होता. मी माझ्यातली अर्धी भजी त्याच्यापुढे सरकवली. तो म्हणाला, "नको मास्तर, आज कांद्याकडं बघवत नाही." पुढे राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी सातबारा आणि विक्रीच्या पावत्या गोळा करणारे लोक काही आठवडे इथंच बसून कागद जुळवायचे. चहाचा खप वाढला. भजीचा नाही.

मग त्याच वर्षी १९ ऑगस्टला, शनिवारी, केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. सोमवारी लिलाव बंद. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, म्हणजे त्याखाली परदेशी विकायचंच नाही, आणि डिसेंबरच्या ८ तारखेपासून निर्यातच बंद. टनाला डॉलर किती, हा हिशोब लासलगावात हमालसुद्धा तोंडी करतो. शाळेत डॉलर न शिकलेली माणसं आहेत ती. बंदीनंतर चांदवडला महामार्गावर रास्ता रोको झाला, शरद पवार तिथं आले होते. माझी गाडी त्या दिवशी तिकडंच अडकली. आत चाळीस-पंचेचाळीस प्रवासी, एक बाळंतीण, दोन पोरं परीक्षेला निघालेली. मी खाली उतरून विनंती करत होतो आणि अडवणाऱ्यांत ओळखीचेच चेहरे दिसत होते. रागवायचं कुणावर? रात्री उशिरा लासलगावला आलो तर आबांनी एक प्लेट झाकून ठेवलेली. गार झालेली, भरपूर. बंदीची प्लेट.

दिल्लीत बसलेल्या माणसाचंही मी समजू शकतो. १९९८ मध्ये कांदा महागला आणि दिल्लीचं राज्य गेलं, हे कोणता पक्ष विसरेल? त्यामुळे निवडणूक जवळ आली की शहरातल्या पिशवीकडे बघून निर्णय होतो आणि आमच्याकडे आबांची मूठ मोठी होते. पण इथलाही माणूस मतदार आहे, हे २०२४ ला दिसलं. ४ मे रोजी निर्यातबंदी उठली, टनाला किमान ५५० डॉलरच्या अटीने आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. आमचं लोकसभेचं मतदान २० मे रोजी होतं. मतदान यंत्रं आणि कर्मचारी पोहोचवणाऱ्या गाडीवर माझी ड्युटी होती, निवृत्तीला अकरा दिवस राहिलेले. केंद्रांवर कुणी काही बोलत नव्हतं, पण आबांच्या बाकड्यावर निकाल आधीच लागला होता. आमच्या दिंडोरी मतदारसंघातून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, भास्कर भगरे निवडून आले. ४ जूनला दुपारी भजी संपली होती. वहिनींनी मला मिरचीच तळून दिली.

आता म्हणाल, भजीत कांदाच असतो का? तेलही असतं, आणि तेल लासलगावचं नसतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. सूर्यफुलाचं तेल आपल्याकडे बहुतेक त्या दोन देशांतूनच यायचं. आबा पामतेल वापरायचे, त्यांना वाटलं आपण सुटलो. पण सूर्यफूल मिळेना तशी सगळी गिऱ्हाइकं पाम आणि सोयाबीनकडे वळली आणि डबा चढतच गेला. एप्रिलच्या २८ तारखेला इंडोनेशियाने आपल्या देशातलं तेल महागलं म्हणून पामतेलाची निर्यातच थांबवली. तीन-साडेतीन आठवड्यांनी उठवली, पण तेवढ्यात आबांनी चार दिवस कढई चढवलीच नाही. चहा, पोहे आणि उपमा. पाटीवरचे वीस रुपये तेव्हा पंचवीस झाले.

त्याच हिवाळ्यात आमचा संप होता. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण करा या मागणीसाठी २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद. मी रोज आगाराकडे जायचो आणि येताना इथं बसायचो. आबांकडे एक लाल वही आहे, त्यात माझं पान उघडलं ते तेव्हा. तेलाचा डबा रोज चढत असताना हा माणूस मला उधार भजी देत होता. एकदा म्हणालो, आबा, आता पुरे. तर म्हणाले, "तुम्ही गाडी चालू करा, मग बघू. गाड्या बंद म्हणून माझं निम्मं गिऱ्हाईक घरी बसलंय." म्हणजे उपकार वगैरे काही नव्हतं; आमचं दोघांचं दुखणं एकच होतं.

१३ सप्टेंबर २०२४ हा दिवस मात्र आबांच्या हॉटेलच्या इतिहासात लिहून ठेवावा असा. विधानसभेची निवडणूक तोंडावर. एकाच दिवशी बातम्या आल्या: कांद्याची किमान निर्यात किंमत रद्द, निर्यात शुल्क ४० वरून २० टक्के, आणि खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, कच्च्या तेलावर शून्याचं २० टक्के, रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. कांद्याचा शेतकरी खूश, सोयाबीनचा शेतकरीही खूश व्हावा म्हणून. दोघांचंही भलं व्हावं, माझं काही म्हणणं नाही. पण भजी म्हणजे कांदा अधिक तेल. दोन्ही बाजूंनी मार खाणारा महाराष्ट्रातला बहुधा एकच धंदा, आणि त्याची सभा कुठं होत नाही. आबांनी दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणून पंचवीसचे तीस केले. ब्रश वहिनींच्या हातात होता, शून्य जरा तिरकं आलंय, बघा.

गॅसचं त्यांचं एक वाक्य आहे. २०२४ च्या ८ मार्चला घरगुती सिलिंडर शंभर रुपयांनी उतरला, तेव्हा म्हणाले, "घरच्या गॅसला महिला दिन, आमच्या गॅसला पहिली तारीख." धंद्याच्या १९ किलोच्या टाकीचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, कधी वर, कधी खाली. खाली आला तरी आबा मूठ वाढवत नाहीत. "पुढच्या एक तारखेचं राखून ठेवतो," म्हणतात.

सगळंच वाईट झालं असं नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत हॉटेल बदललं. आधी इथं बाईमाणूस दिसायचं नाही, दिसलं तर दाराशी पार्सलसाठी उभं. अर्ध्या तिकिटात खेड्यांतल्या बाया बाजाराला, बँकेत, माहेरी एकेकट्या यायला लागल्या. सुरुवातीला त्या एकमेकींना ढकलत आत यायच्या. मग वहिनींनीच एक बाकडं भिंतीकडे लावलं आणि पुरुषांना तिथं बसू देईनात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या आधी, लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार खात्यावर आले, त्या आठवड्यात त्या बाकड्यावर जागा नव्हती. एका आजीने नातवाला दोन प्लेट चारल्या आणि पैसे देताना कमरेची पिशवी अशी उघडली की आबांनी नजर फिरवली.

लांबच्या भांडणांचं म्हणाल तर या शेडमध्ये जगाचा नकाशा तोंडपाठ आहे. २०२४ च्या हंगामात निफाडकडचा एक द्राक्षवाला शेजारी बसला होता. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते, म्हणून युरोपला जाणारा त्याचा माल आफ्रिकेला वळसा घालून निघालेला. "माझी द्राक्षं केपटाऊन बघून येतायत, मी अजून गोवा नाही पाहिला," असं म्हणाला आणि कुणीच हसलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून गेल्या, सीमेवर ट्रक अडकले, कांद्याचे व्यापारी दिवसभर फोनवर. बांगलादेश आपला मोठा गिऱ्हाईक. तिथं राज्य बदललं की इथं भजीची मूठ बदलते, हे मी नातवाला सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं निर्यात शुल्क पूर्ण गेलं. ज्यासाठी दोन वर्षं रस्ते अडवले, ते झालं. आणि भाव? त्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा कांदाचाळीत साठवलेला कांदा लोक रडत विकत होते. आवक भरपूर, बांगलादेशाने तिथल्या शेतकऱ्यांसाठी आयातीचं दार बराच काळ ओढून घेतलेलं, बाकीची गिऱ्हाइकं बंदीच्या काळात दुसरीकडे गेलेली. आबांनी माझ्यापुढे ताटली ठेवली. मोजली, अकरा भजी. बाहेर पाऊस, भजीला याहून चांगला दिवस नाही, आणि शेडमध्ये मी, एक मापारी आणि एक कुत्रं. चव नेहमीसारखीच उत्तम होती. पाच खाल्ली, सहा घरी आणली.

तर माझं मत: भजीला पाचपैकी साडेचार, अर्धा कागदाचा कापला. चहाला चार. मिसळीला एक, तोही लिंबाचा. दुपारी बारा ते दोन लिलावाची माणसं येतात, तेव्हा गेलात तर भजी ताजी आणि बातम्याही ताज्या. रविवारी नाशिकहून मुद्दाम येऊ नका, बाजार नसला की आबांना उत्साह नसतो आणि तेल आदल्या दिवसाचं असतं. मोबाइलने पैसे घेतात, पण रेंज गेली की अडचण होते, म्हणून सुट्टे घेऊन जा. हे मी एकतीस वर्षं सांगत आलोय.