रेजेक्स१०१ : मराठी मजकुरातली नको ती चिन्हं काढायला कितपत कामाचं?

रेजेक्स१०१ ही रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते सांगणारे पॅटर्न, तपासून पाहण्याची साइट. मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालते, खातं न काढताही वापरता येते. सबस्टिट्यूशन (सापडलेल्याच्या जागी दुसरं घालणं) निवडलं की पॅटर्न टाइप करता करता बदललेला मजकूर समोर दिसत राहतो. इंग्रजी मजकूर असता तर परीक्षण इथेच संपलं असतं. पण जळगाव-धुळ्याकडच्या ढाब्याची किंवा सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची वेबसाइट देवनागरीत असते, आणि तिथे या साइटच्या मूळ सेटिंगा दगा देतात.

आधी फ्लेवर, म्हणजे पॅटर्न कोणत्या इंजिनाच्या नियमांनी वाचला जातो ते, पाहा. साइट उघडते ती पीसीआरई२ वर, म्हणजे पीएचपी वापरते त्या इंजिनावर. तुमचा कोड जावास्क्रिप्टचा असेल तर सगळ्यात आधी ते बदला. पीएचपीत यू (युनिकोड) फ्लॅग, म्हणजे पॅटर्नच्या शेवटी जोडायचं एका अक्षराचं सेटिंग, लावला की बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये (‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ या खुणेत) देवनागरी अक्षरं धरली जातात. जावास्क्रिप्टमध्ये यू लावा वा न लावा, त्यात इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर एवढंच येतं. ‘यात न बसणारं सगळं उडवा’ असं सांगितलं की अख्खं मेनूकार्ड कोरं!

फ्लॅगांचंही तसंच. जी (सगळ्या जागी शोधा) आणि एम (ओळीओळीने पाहा) आधीच लावलेले असतात, म्हणून साइटवर सगळी चिन्हं बदललेली दिसतात. नुसता पॅटर्न उचलून कोडमध्ये टाकला आणि जी मागे राहिला, तर जावास्क्रिप्टचं रिप्लेस फक्त पहिलं चिन्ह बदलून थांबतं. २०२१ च्या मानकात आलेलं रिप्लेसऑल जी नसेल तर निदान टाइपएरर तरी देतं. यू मात्र तुम्हालाच लावायचा असतो. तो नसेल तर जावास्क्रिप्ट बॅकस्लॅश-पी (अक्षरांचा युनिकोड वर्ग सांगणारी खूण) म्हणजे साधं इंग्रजी पी समजतं, कुठलीही तक्रार न करता. म्हणून पॅटर्न हाताने उचलू नका. डावीकडच्या कोड जनरेटरमधून घ्या, फ्लॅग सोबत येतात.

आता खरी मेख. ‘अक्षरं आणि अंक ठेवा, बाकी काढा’ म्हणून बॅकस्लॅश-पीच्या महिरपी कंसात एल (अक्षरं) आणि एन (अंक) लिहिण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही अक्षरं नाहीतच, ती एम (अक्षराला जोडलेली चिन्हं) या वर्गात येतात. परिणाम साइटवरच करून पाहा: ‘केळी’चं ‘कळ’ होतं, ‘भरीत’चं ‘भरत’, आणि ‘शेवभाजी’चं ‘शवभज’. हे नाव पाटीवर लावून कोण जेवायला येणार? एल, एम आणि एन तिन्ही ठेवायचे, मग उरलेल्याच्या जागी हायफन. साइटचं स्पष्टीकरणाचं पॅनेल प्रत्येक वर्गाचा अर्थ उलगडून दाखवतं, पण मात्रा एलमध्ये नाहीत हे सांगायला ते येत नाही. नमुना मजकुरात मराठी शब्द टाकले तरच कळतं.

तिन्ही ठेवूनही ‘दऱ्या’ फसतो. जुन्या फाइलींत यातला ‘ऱ्’ हा र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह) असा टाइप केलेला सापडतो. हा जॉइनर एल, एम, एन यांपैकी कशातच नाही. त्याच्या जागी हायफन आला तर शब्द मधोमध तुटतो. नुसता काढला तर सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या होतो. उपाय सोपा: साफसफाईच्या आधी ‘र, हलंत, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलंत’ घाला.

इथेच साइटची मोठी मर्यादा लागते: एका वेळी एकच बदल दिसतो. प्रत्यक्षात साखळी असते. आधी नॉर्मलाइज एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालं असेल तर ते एकसारखं करणं), मग वर सांगितलेला ‘ऱ’चा बदल, मग वर्डमधून आलेली वळणदार अवतरणं, मग न दिसणारी झीरो विड्थ स्पेस (जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-एस, म्हणजे मोकळ्या जागेची खूण, नॉन-ब्रेकिंग स्पेस पकडतो, ही नाही), शेवटी हायफन. प्रत्येक पायरीचा निकाल हाताने पुढच्या पायरीत चिकटवावा लागतो. कंटाळवाणं आहे.

एचटीएमएलमध्ये खास अर्थ असलेली चिन्हं (<, & वगैरे) सुरक्षित रूपात बदलायला मात्र इथे येऊच नका. अँपरसँड (&) आधी बदलायचा हा क्रम चुकला की आधीच बदललेली चिन्हं पुन्हा बदलली जातात. पीएचपीत त्यासाठी एचटीएमएलस्पेशलचार्स हे तयार फंक्शन आहे, ८.१ पासून ते एकेरी अवतरणही आपोआप बदलतं. ब्राउझरमध्ये टेक्स्टकंटेंट वापरा, ते मजकूर एचटीएमएल न समजता जसाच्या तसा दाखवतं.

युनिट टेस्टची (पॅटर्न अपेक्षेप्रमाणे वागतो का ते आपोआप तपासण्याची) सोय छान आहे: ‘शेवभाजी’, ‘दऱ्या’, ‘वांगी’ हे शब्द चिन्हं काढण्याच्या पॅटर्नशी जुळू नयेत अशा टेस्ट लिहून ठेवा. पॅटर्न कसा जुळत जातो ते पायरीपायरीने दाखवणारा डिबगर पीसीआरईपुरताच आहे, जावास्क्रिप्टवाल्यांना तो नाही. आणि सेव्ह केलेली लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला नमुना मजकूरही दिसतो, तेव्हा गिऱ्हाइकांची नावं-नंबर असलेली खरी यादी तिथे चिकटवू नका.