दारावरची नक्षी: पीओपी, पीयू की सागवान?

आतल्या दारांच्या डोक्यावर काहीतरी नक्षी हवी असं ठरलं की गाडी बहुधा तीन ठिकाणी थांबते: पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), तयार पीयू मोल्डिंग (पॉलियुरेथेन या हलक्या प्लास्टिकची साच्यातली नक्षी) नाहीतर सागवानी पट्टी. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेली, जाळीही मिळते, पण मेव्हण्याकडे बाथरूमच्या दारावरची जाळी एका पावसाळ्यात कडेने फुगलेली पाहिली, तेव्हापासून मी ती मोजतच नाही.

आम्ही आधी पीओपीच केलं. सीलिंगचं काम चालू होतं, कारागीर घरातच होता. त्याने दोन बेडरूम आणि देवघराच्या दारांवर उठावाच्या कमानी काढून दिल्या. दिसायला देखण्या. भिंतीचाच रंग मारला की सांधासुद्धा कळत नाही. लाकडाला हे जमत नाही, हे मान्य.

अडलं दसऱ्याला. देवघराला तोरण बांधायचं, तर खिळा कुठे ठोकणार? दुसऱ्याच ठोक्याला कमानीच्या टोकाचा टवका उडाला. मागे लिंटेलचं, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईचं, काँक्रीट, त्यामुळे खिळा आत जायचं नाव घेईना. मग सेलोटेप. ओल्या झेंडूचं वजन तिला पेललं नाही. आरतीच्या आधीच तोरण खाली आलं, येताना रंगाचा पापुद्राही घेऊन आलं. पांढऱ्या कमानीवर पिवळट ओघळ राहिले ते वेगळेच. आई एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी फुलं आणायच्या आधी तुझ्या कमानीला विचारून घेऊ."

पुढच्या उन्हाळ्यात तिथे सागवानी गणेशपट्टी, म्हणजे गणपती कोरलेली दारावरची आडवी पट्टी, आली. जुन्या वाड्यांत ती चौकटीचाच भाग असे; फ्लॅटमध्ये वरून लावावी लागते. सुताराने हॅमर ड्रिलने लिंटेलला भोकं पाडली, प्लग घातले आणि पट्टी चार स्क्रूंवर कसली. दोन्ही टोकांना खालून पितळी आकडे. आता तोरण अडकवायला स्टूल आणि एक मिनिट पुरतं. करणार असाल तर पट्टी चौकटीपेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त घ्या, नाहीतर दाराला धाकट्या भावाची टोपी घातल्यासारखं दिसतं.

फुकट काही नाही. त्या एका पट्टीच्या पैशात पीओपीवाल्याने घरातली सगळी दारं करून दिली असती. कोरीव कामात धूळ बसते. गणपतीच्या कानामागे जुना टूथब्रश फिरवावा लागतो. पॉलिशही मधूनमधून आलंच.

पीयू मला वाईट वाटत नाही. हलकं असतं, ओल लागत नाही, गोंदाने चिकटतं. भाड्याचं घर असेल किंवा एकदम पाच-सहा दारं करायची असतील तर कदाचित तेच बरं. पण टिचकी मारली की पोकळ वाजतं. कुणी दारावर टिचक्या मारत बसत नाही, हेही खरं, मी मारतो.

बेडरूमच्या कमानी तशाच ठेवल्यात. तिथे तोरण लागत नाही.