1968 ची कॅमारो, नवे इंजिन आणि नवे सस्पेन्शन : सात महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतील मिशिगन राज्यात हिवाळा लागला की बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकले जाते, त्याने पत्रा गंजतो, म्हणून त्याआधीच माझी 1968 ची शेव्हर्ले कॅमारो गॅरेजमध्ये जाते. एप्रिलपासून आतापर्यंत ती 6,800 मैल, म्हणजे जवळजवळ 11,000 किलोमीटर चालली. मूळ गाडीत 327 घनइंची, म्हणजे 5.4 लिटरचे व्ही-8 इंजिन आणि दोनच गिअरचे पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक होते. त्यांच्या जागी 6.2 लिटरचे एलएस-3 हे नव्या पिढीचे व्ही-8 इंजिन आणि हाताने बदलायच्या सहा गिअरचा टी-56 मॅग्नम गिअरबॉक्स बसवला. अशी गाडी करायला घेणारे बरेच जण सर्वांत आधी इंजिन विकत घेतात. मीही तेच केले. आज पुन्हा सुरुवात करायची झाली, तर आधी पत्रा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, आणि इंजिन सर्वांत शेवटी असा क्रम ठेवीन.

पत्र्याचे काम किती निघेल याचा अंदाज रंग खरवडल्याशिवाय येत नाही. माझ्या गाडीत बैठकीखालचा तळ, डिकीचा तळ आणि पुढच्या काचेखालचा पत्रा असे तिन्ही गंजलेले निघाले. काचेखालच्या पत्र्यातून झिरपलेले पाणी थेट पायांशी येते, त्यामुळे तळाचा पत्रा नवा घालून वरची गळती तशीच ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. शिवाय या पिढीच्या कॅमारोत पुढची अर्धी चौकट वेगळी असून ती रबरी बुशांवर, म्हणजे जोडांमधल्या रबरी गाद्यांवर, बोल्टने बसवलेली असते, आणि मागचा भाग मात्र बॉडीचाच असतो. जुने बुश काढून ॲल्युमिनियमचे घातले आणि पुढची चौकट मागच्या भागाशी लोखंडी नळ्यांनी वेल्ड करून जोडली, तेव्हा खड्ड्यातून जाताना दारांचा होणारा खडखडाट कायमचा थांबला.

इंजिनाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. जुन्या इंजिनाचे 210 अश्वशक्ती आणि नव्याचे 430 हे आकडे शेजारी ठेवताना एक लक्षात घ्यावे, की 1972 पूर्वीचे अमेरिकन आकडे पंखा, सायलेन्सर वगैरेंचा भार न धरता मोजलेले असत. त्यामुळे खरा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमुळे पुढच्या चाकांवरचे वजन सुमारे 50 किलोंनी उतरले. पहाटेच्या थंडीतही गाडी पहिल्या फिरकीत सुरू होते. ताशी 70 मैलांना पूर्वी इंजिन मिनिटाला 2,800 फेऱ्यांवर गुरगुरत असे, तेच आता सहाव्या गिअरमध्ये 2,100 वर शांत चालते. लांबच्या प्रवासात गॅलनला 12 मैलांऐवजी 21 मैल मिळतात, म्हणजे लिटरला सुमारे 9 किलोमीटर.

मात्र पेट्रोल आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या काळातली इंधनव्यवस्था या इंजिनाला चालत नाही. जुना यांत्रिक पंप पाच-सहा पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब देत असे, तर नव्या इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनला 58 पीएसआय लागतात. मी सुरुवातीला जुन्याच टाकीला बाहेरून पंप जोडला. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जाई, पंप हवा ओढे आणि इंजिन अडखळे. शेवटी आतच पंप आणि आडपडदे असलेली नवी टाकी घेतली. ती पहिल्यांदाच घेतली असती तर एक महिना आणि दुप्पट खर्च वाचला असता. दुसरी अडचण उष्णतेची होती. या इंजिनाच्या हेडमधील (सिलिंडरवरच्या भागातील) सर्वांत उंच जागेतून वाफ आणि हवा बाहेर काढणारी बारीक नळी असते. ती माझ्याकडून चुकीच्या जागी जोडली गेली, आणि सिग्नलवर थांबताच तापमानाचा काटा चढू लागला. नळी रेडिएटरच्या वरच्या बाजूला नेल्यानंतर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवरील ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्याच्या संथ गर्दीत तीन तास काढूनही पाणी 96 अंश सेल्सिअसच्या वर गेले नाही.

पण दररोज गाडीत बसताना जो फरक मनाला सुखावतो, तो सस्पेन्शनचा आहे. मूळ रचनेत वळणावर गाडी कलली की पुढचे बाहेरचे चाक माथ्याकडून बाहेर झुके आणि टायर कडेवर घासे. चाक धरून ठेवणारे नवे कंट्रोल आर्म (दांडे) आणि त्यांना चाकाशी जोडणारे उंच बॉलजॉइंट यांमुळे ते चाक आता रस्त्यावर सपाट बसते. जुन्या मापात जेमतेम अर्धा अंश असलेला कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे असलेला कल, सहा अंशांवर नेल्यापासून महामार्गावर स्टिअरिंग सतत सावरत बसावे लागत नाही. मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंग म्हणून एकेकच पोलादी पाटा होता, आणि जोरात निघताना तो पिळवटून ॲक्सल उड्या मारत असे. त्या जागी चार दांड्यांची जोडणी आणि कॉइलओव्हर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरभोवती बसवलेल्या गोल स्प्रिंग, घातले. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले; पुढच्या 13 इंची डिस्कमुळे 14 इंची जुनी चाके मात्र काढावी लागली, आणि 17 इंची चाकांवर ही गाडी पूर्वीइतकी देखणी दिसत नाही असे माझे प्रामाणिक मत आहे.

स्प्रिंग निवडताना मी चुकलो. एक इंच दाबायला 550 पौंडांचा भार लागणाऱ्या कडक स्प्रिंग रेसच्या ट्रॅकवर शोभल्या असत्या, पण मिशिगनमध्ये बर्फ वितळल्यानंतर रस्त्यांना जे खड्डे पडतात, त्यांवर पाठ दुखू लागली. जूनमध्ये 450 पौंडांच्या घातल्या आणि वळणावरची पकड कमी झाल्याचे मला जाणवले नाही.

अजून दोन गोष्टी बाकी आहेत. तळाच्या पत्र्यात गिअरबॉक्ससाठी असलेल्या उंचवट्याजवळ, म्हणजे बोगद्याजवळ, उजवा पाय तापतो. तिथे उष्णतारोधक थर या हिवाळ्यात घालणार आहे. दुसरी गोष्ट सुधारता येणारी नाही. मोठा गिअरबॉक्स बसावा म्हणून त्या बोगद्याचा मूळ पत्रा कापावा लागला. बाकी सर्व बदल बोल्ट उघडून किंवा वेल्ड कापून मागे घेता येतील, आणि जुने 327 तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवले आहे. कापलेला तुकडाही त्याच्याशेजारीच ठेवला आहे.