शिंपले मोजायला डिजिटल व्हर्निअर घ्यावा का?

इंदूरजवळच्या चोरल आणि गंभीर नदीवर शिंपल्यांच्या नोंदीसाठी येणारे नवे स्वयंसेवक तिथल्या सियागंज बाजारातून बहुधा १५० मिमीचा डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून माप घ्यायचं साधन, घेऊन येतात. आकडा चटकन दिसतो, त्यामुळे मोह होतो. टेबलावर तो उत्तम चालतो, पण नदीत त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

ओल्या बोटांवरचं पाणी सरकत्या भागाखाली शिरलं की आकडे उड्या मारतात. पडदा बंद पडला असता तर निदान कळलं असतं. इथे ६१ मिमीचा शिंपला खुशाल ८४ दिसतो आणि तसाच वहीत उतरतो. बटण सेल उतरला की आकडे लुकलुकतात, तेव्हाचं मापही धरू नका. शिवाय पोलादी जबडे टणक असतात. लहान शिंपल्याची वाढती कड अगदी पातळ असते, अंगठ्याचा जरा दाब जास्त झाला की तिचा टवका उडतो.

साधा प्लास्टिकचा व्हर्निअर घ्या. ०.१ मिमीपर्यंत वाचता येतं, आपल्याला १ मिमी पुरतो. जबड्यात वाळूचा कण अडकतो, म्हणून दर दहा शिंपल्यांनंतर व्हर्निअर पाण्यात खळबळून, जबडे मिटवून शून्य तपासा. लांबी टोकापासून टोकापर्यंत, उंची तिला काटकोनात, जाडी दोन्ही शिंपा मिटलेल्या असताना. लांबट लॅमेलिडेन्स आणि गोलसर, छोटा पॅरेशिया या शिंपल्यांच्या दोन प्रकारांचे रकाने वेगळे हवेत.

एवढी काटेकोरी कशासाठी? शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे गेले की नवी पिढी थांबते, पण जुने शिंपले वर्षानुवर्षं जगत राहतात आणि नुसती संख्या चांगलीच दिसते. सगळी मापं ७० ते ९० मिमीत आणि ३० च्या खाली एकही नाही, असं दिसलं तर तिथली वस्ती म्हातारी होत चालली आहे, असा संशय घ्यायलाच हवा. मात्र आधी खात्री करा. पिल्लं वाळूत गाडलेली असतात, वरवर चाचपून सापडत नाहीत. ५० × ५० सेंमीची पीव्हीसी पाइपची चौकट टाकून १० सेंमी खोल वाळू काढा आणि बारीक चाळणीने चाळा. हे टाळलं तर कितीही महागडा व्हर्निअर उपयोगाचा नाही.

मोजेपर्यंत शिंपले नदीच्याच पाण्याच्या बादलीत, सावलीत ठेवा. उघडून पाहण्याचा प्रयत्न अजिबात नको. सांध्यावरच्या फुगवट्याजवळचं आखूड टोक वाळूत रुतवून जिथून काढले तिथेच परत ठेवा, पाय त्याच टोकाकडून बाहेर येतो.

आधीच डिजिटल घेतला असेल तर तो रिकाम्या शिंपांसाठी घरी वापरा. त्या पूर्ण सुकू द्या, आतली चकाकी आणि सांध्याची पट्टी शाबूत असेल तर ‘ताजी’ असं लिहा, आणि जिवंतांच्या रकान्यात त्यांचं माप मिसळू नका.