संडे स्कूल की घरची प्रार्थना? आमच्या घरचा अनुभव

बेळगावात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरात पोरं जरा मोठी व्हायला लागली की हा प्रश्न येतोच, विश्वासाचे संस्कार संडे स्कूलवर (रविवारी चर्चमध्ये भरणारा पोरांचा वर्ग) सोडायचे की घरात करायचे. कॉन्व्हेंटचा पर्याय मी धरतच नाही, अनुदानित शाळेला पालकांच्या संमतीशिवाय पोरांना धर्मशिक्षणाला बसवता येत नाही (घटनेचं कलम 28), आणि खरं सांगू का, तिथं मार्कांचीच आरती चालते.

संडे स्कूलचं पारडं हलकं नाही हं. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती 1.87 टक्के, आमचा थोरला तर वर्गात एकटाच. रविवारी त्याला आपल्यासारखी पंधरा-वीस पोरं भेटतात, मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) असतंय, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला मिळतं, हे घरात कुठनं आणणार? तिथं निम्मं कन्नड निम्मं इंग्लिश आणि आजीची प्रार्थना मराठीत (ती संडे स्कूलला अजून शब्बाथशाळाच म्हणते), पण तेही चालून गेलं असतं.

माझं डोकं फिरलं ते चार्टवरनं. रोज बायबल वाचलं की एक स्टार चिकटवायचा, महिना भरला की कंपासपेटी. एका शनिवारी रात्री पोरगं घाईघाईनं आठवड्याचे सातही स्टार चिकटवताना सापडलं, वाचलं होतं एकच दिवस, तेही अर्धं. चार्टच्या कडेला दहा आज्ञा छापलेल्या आणि एक सोनेरी स्टार सरकून नेमका नवव्या आज्ञेवर बसलेला, खोटी साक्ष देऊ नको (कॅथलिक मोजणीत ती आठवी). आधी हसलो, मग झोप लागेना. शिकवणाऱ्या बाई बिचाऱ्या फुकट राबतात, त्यांना काय बोलणार, पण बक्षीस ठेवलं की पोरगं बक्षिसाकडंच बघणार की.

घरची प्रार्थना म्हणजे सगळं गोड असंही नाही, मी नऊला येतो, बायको दमलेली, मोबाईल वाजत असतो, आठवड्यात दोनदा तरी बुडतेच. पण गणपतीत शेजारच्या काकूंनी मोदक दिला तेव्हा पोरानं रात्री चटईवर बसून विचारलं, "पप्पा, खाऊ काय नको?" बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8 वा अध्याय काढला, तिथं मूर्तीच्या नैवेद्याचीच भानगड आहे. खाल्लं म्हणून आपण वाढत नाही, नाही खाल्लं म्हणून घटत नाही, पण आपल्या खाण्यानं दुसऱ्या कुणाच्या विश्वासाला ठेच लागू नये, असं ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचं म्हणणं. आजी नको म्हणाली, बायको खा म्हणाली, अर्धा तास वाद, मोदक ताटलीत तसाच. शेवटी पोरगंच म्हणालं, "आजीला खटकतंय नं, मग ऱ्हाऊ दे." मोदक बायकोनं खाल्ला, आजी झोपल्यावर.

तुमचं घर वेगळं असेल, पण एकालाच वेळ देणं जमत असेल तर मी घरची वेळ आधी ठरवीन. आमची जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं, एक गीत, पाच-सहा वचनं, प्रार्थना. रविवारी अजून सोडून येतोच, चार्ट तेवढा घरी आणू नको म्हणून सांगितलंय.