चौपाखी छप्पर करणाऱ्यांसाठी: वाशांचा तक्ता कोरलेला गुण्या

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात मी कौलारू छपरांची कामं घेतो. दुपाखीत, म्हणजे दोन बाजूंना उतरणाऱ्या छपरात, सगळे वासे एका मापाचे. चौपाखीत, म्हणजे चारही बाजूंना उतरणाऱ्या छपरात, कोपऱ्यांकडे तिरके उतरणारे चार कोनवासे आले, आणि त्यांना टेकणारे आखूड वासे आले, ज्यांतला प्रत्येक मागच्यापेक्षा कमी. आमच्याकडे आढं, म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूड, चढवून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणतात आणि मग लाकूड कापतात. माप चोख येतं, पण आढं चढेपर्यंत करवत बंद. या गुण्यामुळे, म्हणजे काटकोनी मापपट्टीमुळे, वासे खालीच कापून तयार होतात.

गुण्या पोलादी, अमेरिकन पद्धतीचा. एक पाय २४ इंचांचा, दुसरा १६. लांब पायावर तक्ता कोरलेला आहे. १२ इंच आडव्याला चढ किती, तो आकडा पट्टीवर शोधायचा आणि त्याच्या खाली वाचायचं. मंगलोरी कौलांना मी ७ इंच चढ देतो, म्हणजे साधारण ३० अंश. ७ च्या खाली पहिला आकडा १३.८९, साध्या वाशाचा. दुसरा १८.३६, कोनवाशाचा. दर एक फूट आडव्या अंतराला वाशाची लांबी इतके इंच.

समजा खोली १६ फूट रुंद, आढं मधोमध आणि पागोळी भिंतीबाहेर २ फूट. आडवं अंतर १० फूट झालं. साधा वासा १३८.९ इंच, म्हणजे ११ फूट ६ इंच ७ सूत (८ सूत म्हणजे एक इंच). कोनवासा १८३.६ इंच, म्हणजे १५ फूट ३ इंच ५ सूत. कोनवाशालाही त्याच १० नं गुणायचं, कोपऱ्याचं तिरकं अंतर वेगळं काढायचं नाही. मला ही सोय सगळ्यांत आवडते. लाकूड आणण्याआधीच कळतं की १६ फुटी दांडा पुरेल. आढ्याची जाडी मात्र तक्त्यात धरलेली नाही. दीड इंची आढं असेल तर साध्या वाशातून पाऊण इंच आणि कोनवाशातून एक इंच अर्धा सूत, आडवं मापून, वजा करा. काप आखताना गुण्याच्या दोन पायांवर साध्या वाशाला ७ आणि १२ धरा, कोनवाशाला ७ आणि १७.

आखूड वाशांसाठी तक्त्यात फक्त १६ आणि २४ इंचांचे गाळे, म्हणजे दोन वाशांमधली अंतरं, आहेत. मी १८ इंचांवर वासे लावतो. तिथे १३.८९ ची दीडपट करायची: प्रत्येक वासा आधीच्यापेक्षा २०.८४ इंचांनी कमी.

जुन्या मातीच्या घरांना हा गुण्या चालत नाही. कोपरे काटकोनात नसतील किंवा चारही पाखांचा उतार सारखा नसेल, तर कोनवाशाचा आकडा खोटा ठरतो. तिथे दोरीच ताणा. शिवाय सगळं इंचांत आहे. इंजिनिअरचा नकाशा मिलिमीटरमध्ये आला की आधी रूपांतर करत बसावं लागतं.

घेताना आकडे कोरलेलेच बघा, नुसते छापलेले वापरात पुसतात. आणि पावसाळ्यात खोबरेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर आमच्या हवेत पोलाद लगेच गंज धरतं.